तू कोणाच्या बाजूने? (गीता १.१ आणि 'हाउस ऑफ द ड्रॅगन')



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय पहिला, श्लोक पहिला.

गेल्या आठवड्यात पुण्यात इंजिनिअरिंग करणाऱ्या एका वाचकाचा मेसेज आला. तो रोज सकाळी गीतेचा एक श्लोक वाचतो, माळ ओढतो, आणि रात्री मित्रांबरोबर 'हाउस ऑफ द ड्रॅगन' बघतो. त्याने विचारलं, "दादा, हे चालतं का? सकाळी कृष्ण आणि रात्री कारस्थान, असं करून साधना वाया जाते का?"

मला हा प्रश्न आवडला, कारण तो प्रामाणिक आहे. "बघू नकोस" एवढं उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं. पण जो माणूस महाभारत वाचतो त्याला "राजघराण्यातली भांडणं बघू नकोस" असं कुठल्या तोंडाने सांगायचं? आपल्या सगळ्यात मोठ्या ग्रंथात दुसरं आहे तरी काय? भाऊबंदकी, गादी, डावललेला वारस, विष, जुगार, जळतं घर, झोपेत मारलेली मुलं. गीता त्या सगळ्याच्या मधोमध सांगितली गेली, एखाद्या शांत आश्रमात नाही. म्हणून काय बघायचं हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. कुठे बसून बघायचं, एवढंच आज बघू. त्याचं उत्तर गीतेच्या पहिल्याच श्लोकात आहे, आणि गंमत म्हणजे हाच श्लोक आपण सगळ्यात भरभर वाचून पुढे जातो.

हा श्लोक धृतराष्ट्राचा आहे. गीतेच्या ७०० श्लोकांत त्याच्या वाट्याला हा एकच आला. तो संजयाला विचारतो की धर्मक्षेत्र कुरुक्षेत्रावर लढायला जमलेल्या माझ्या मुलांनी आणि पांडूच्या मुलांनी काय केलं. बास, एवढंच. पण या एका प्रश्नात त्याने घर दुभंगून टाकलं. पांडू त्याचा धाकटा भाऊ. पांडू गेल्यावर ती पाच पोरं याच्याच अंगणात वाढली. तरी मोजणी करताना ती "माझ्यात" बसत नाहीत. ज्ञानेश्वर माउली धृतराष्ट्राची ओळख करून देतानाच तो पुत्रस्नेहाने मोहित झालेला आहे हे सांगून टाकतात. पुढचं सगळं समजायला तेवढं पुरे.

आता ज्यांनी ही सिरीज बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'गेम ऑफ थ्रोन्स' २०११ ते २०१९ या काळात गाजली. तिच्या कथेच्या सुमारे पावणेदोनशे वर्षं आधीची गोष्ट म्हणजे 'हाउस ऑफ द ड्रॅगन'. जॉर्ज मार्टिन यांच्या २०१८ साली आलेल्या 'फायर अँड ब्लड' या पुस्तकावर ती बेतलेली आहे. पहिला सीझन ऑगस्ट २०२२ मध्ये आला, दुसरा जून २०२४ मध्ये. गोष्ट अशी: राजा व्हिसेरिस आपल्या मुलीला, रेनिराला, वारस ठरवतो. सरदारांकडून तशी शपथ घेतो. मग तो दुसरं लग्न करतो, तेही मुलीच्या बालमैत्रिणीशी, ॲलिसेंटशी. तिला मुलगा होतो, एगॉन. आता गादी कोणाची? शपथ दिलेल्या मुलीची की नंतर झालेल्या मुलाची? राजा शेवटच्या घटकेला गुंगीत काहीतरी पुटपुटतो. त्यात एगॉन हे नाव येतं. तो बोलत असतो एका फार जुन्या पूर्वजाबद्दल आणि बायकोला वाटतं आपल्या मुलाबद्दल. त्यातून आग पेटते. रेनिराचा पक्ष काळा, ॲलिसेंटचा हिरवा. दोन्हीकडे ड्रॅगन आणि दोन्हीकडे लेकरं.

हा प्रीक्वेल आहे, म्हणजे शेवट आधीच माहीत आहे. 'गेम ऑफ थ्रोन्स' ज्याने बघितलं त्याला ठाऊक आहे की पुढे या घराण्याची गादी जाते आणि त्यांच्याकडचे ड्रॅगन संपून जातात. ज्या सिंहासनासाठी हे चाललंय ते शेवटी यांच्यापैकी कोणाकडेच राहत नाही. आमच्या मंगरूळपीरला सप्ताहात कीर्तनाला बसणाऱ्या माणसाला हे नवीन नाही. बुवा अभिमन्यूचं आख्यान लावतात तेव्हा मंडपातल्या प्रत्येकाला माहीत असतं की पोरगं परत येणार नाही. तरी सगळे बसतात, तरी डोळे पुसतात. आपल्याकडे कथा शेवट माहीत असूनच ऐकतात. "पुढे काय होतं" यापेक्षा "हे असं का झालं" यासाठी ऐकतात.

इथे एक गोष्ट सांगतो जी पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आपल्या डोळ्यांपुढे संजय म्हटलं की टीव्हीवरचा संजय येतो. २ ऑक्टोबर १९८८ पासून दूरदर्शनवर बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' सुरू झालं, आणि घराघरात ते चित्र पक्कं बसलं: संजय महालात बसून क्रिकेटची कॉमेंट्री करावी तसं युद्ध सांगतोय. पण मूळ भीष्मपर्व उघडून बघा. तिथे संजय युद्धाचे दहा दिवस उलटल्यावर रणांगणावरून येतो आणि आल्या आल्या सांगतो की भीष्म पडले. धृतराष्ट्र कोसळतो, विलाप करतो, आणि मग विचारतो की हे झालं कसं, पहिल्यापासून सांग. त्यानंतर संजय मागे जातो, आणि तिथे गीता येते.

म्हणजे गीतासुद्धा शेवटाचा एक मोठा तुकडा कळल्यानंतर सांगितलेली आहे. पहिला श्लोक विचारणाऱ्या धृतराष्ट्राला भीष्म शरपंजरी पडल्याचं आधीच ठाऊक आहे. घराण्याचा आधार गेला. ज्याने दोन्हीकडच्या नातवंडांना मांडीवर खेळवलं तो म्हातारा बाणांवर पडलाय. एवढं कानावर पडल्यानंतर माणसाने काय विचारावं? "आमच्या मुलांनी हे काय करून घेतलं?" असं. पण नाही. त्याच्या तोंडून तेव्हाही "माझे" आणि "पांडूचे" अशीच विभागणी येते. शेवट माहीत असूनही बाजू सुटत नाही. मला गीतेतली ही सगळ्यात भयंकर जागा वाटते, विश्वरूपदर्शनापेक्षाही.

आणि अजून एक. व्यासांनी युद्धाआधी धृतराष्ट्राला दृष्टी देऊ केली होती. तो नको म्हणाला. आपल्या माणसांचा संहार मला बघायचा नाही, पण ऐकायचं मात्र सगळं आहे, असं त्याचं म्हणणं. मग ती दिव्यदृष्टी संजयाला मिळाली. म्हणजे धृतराष्ट्र हा आपला पहिला प्रेक्षक. घरात बसलेला, सुरक्षित, रक्ताचा एक थेंब अंगावर न उडालेला, आणि तरी एका बाजूचा कट्टर.

आता सिरीजकडे या. दुसऱ्या सीझनच्या आधी, मार्च २०२४ मध्ये, तिचे एक सोडून दोन ट्रेलर एकदम आले. एक काळ्यांचा, एक हिरव्यांचा. प्रत्येकाला बाजू निवडावीच लागेल, असं प्रेक्षकांना बजावलं गेलं. मग डीपी बदलले, स्टेटस लागले, "टीम ब्लॅक", "टीम ग्रीन". हा प्रचाराचा भाग आहे आणि तो हुशारीने केलेला आहे, कारण त्यांना माणसाचं मन कळतं. बाजू घेतली की माणूस खिळून राहतो. धृतराष्ट्राला जे आपोआप जडलं होतं ते आता आपल्याला मुद्दाम पुरवलं जातं.

यात बिघडतं काय? मनोरंजन तर आहे, असं कोणी म्हणेल. मी घरातलं एक उदाहरण देतो.

माझे वडील आणि काका सहा वर्षांपासून एकमेकांशी बोलत नाहीत. आजोबा गेल्यावर शेतीची वाटणी झाली आणि विहीर नेमकी बांधावर आली. पाणी कोणाचं, मोटरचं बिल कोणी भरायचं, धुऱ्यावरचं झाड कोणाचं, असं करत करत प्रकरण वकिलापर्यंत गेलं. घराला मधे भिंत आली. आजी मधल्या खोलीत राहते, कारण त्या खोलीला दोन्हीकडून दार आहे. दिवाळीला माझा चुलतभाऊ नागपूरहून येतो तेव्हा आम्ही दोघं त्याच खोलीत बसतो, कारण एकमेकांच्या घरात बसणं दोघांच्याही बापांना आवडत नाही. तिथेच आम्ही मोबाईलवर ही सिरीज बघितली. आजी पलंगावर पडून जप करत असायची.

पहिल्या सीझनच्या शेवटी रेनिराचा कोवळा मुलगा लुसेरिस मारला जातो. दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात त्याचा सूड म्हणून समोरच्या घरातलं एक लहान लेकरू रात्री पलंगावर मारलं जातं. दाखवत नाहीत, नुसता आवाज येतो. माझा चुलतभाऊ रेनिराच्या बाजूचा. तो म्हणाला, "झालं, एक-एक. बरोबरी."

आजीने माळ थांबवली. तिला त्यातलं एक नाव माहीत नव्हतं. तिने विचारलं, "किती वर्साचं होतं रे लेकरू?"

तो म्हणाला, "असंन चार-पाच."

"मंग त्यात बरोबरी कायची?" एवढं म्हणून तिने परत माळ ओढायला घेतली.

मंडळी, ती बाजू विचारत नाही, वय विचारते. दहा तास सिरीज बघून आम्हाला पक्ष कळले होते, घराणी कळली होती, ड्रॅगनची नावं पाठ होती. जे बघायचं होतं ते तिने न बघता बघितलं. आणि ती ज्या खोलीत झोपते त्या खोलीच्या दोन्ही भिंतींपलीकडे तिचंच एकेक लेकरू आहे. तिला "तू कोणाच्या बाजूने" असं विचारणारे नातेवाईक दर महिन्याला येतात.

बाजूचं वेड आपल्या मनाशी काय करतं, ते इथे दिसतं. पहिलं म्हणजे मेलेला माणूस आकडा होतो. लेकरू मरत नाही, "त्यांचा एक" कमी होतो.

दुसरं, आपल्या बाजूच्या पापाला आपण कारण शोधतो. लुसेरिस मेला तेव्हा एमंडला त्याला मारायचं नव्हतं, ड्रॅगन हाताबाहेर गेला, असं हिरवे सांगतात. लेकरू मारलं गेलं तेव्हा डेमनने एमंडचं डोकं मागितलं होतं, लेकराचं नाही, असं काळे सांगतात. मारेकरी विचारतो की तो सापडला नाही तर काय करायचं, आणि डेमनचं उत्तर आपल्याला दाखवतच नाहीत. तिथे दृश्य संपतं. मराठी माणसाला हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटायला हवं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. काका रघुनाथरावांनी गारद्यांना "धरावे" असं लिहून दिलं होतं आणि आनंदीबाईंनी 'ध' चा 'मा' केला, ही आख्यायिका आपण शाळेपासून ऐकतो. ती खरी की खोटी हा इतिहासकारांचा विषय. पण एवढी टिकली का, याचा विचार करा. "मी फक्त धरायला सांगितलं होतं" हे वाक्य प्रत्येक बाजूला हवं असतं. धृतराष्ट्रानेही द्रौपदीची विटंबना करा असा हुकूम कधी दिला नाही. तो फक्त सभेत बसून होता, आणि डाव कोणी जिंकला हे विचारत होता.

तिसरं, शेवट दिसत असूनही दिसेनासा होतो. आणि यासाठी मला वेस्टरॉसपर्यंत जायची गरज नाही. आमच्या वऱ्हाड-नागपूरकडेच ही गोष्ट घडलेली आहे, ड्रॅगनऐवजी हत्ती घेऊन.

नागपूरच्या भोसल्यांची गादी पहिल्या रघुजींनी उभी केली. १७५५ मध्ये ते गेले. मागे चार मुलं: जानोजी, मुधोजी, साबाजी, बिंबाजी. थोरला जानोजी, पण मुधोजी थोरल्या राणीचा. वाद तिथूनच सुरू. जानोजीला मूल नव्हतं. त्याने मुधोजीचा मुलगा रघुजी याला दत्तक घ्यायचं ठरवलं. १७७२ मध्ये जानोजी वारला आणि मुधोजी विरुद्ध साबाजी अशी लढाई पेटली. पुण्यातही तेव्हा दोन तट पडले होते. रघुनाथराव मुधोजीच्या बाजूने, त्यांच्या विरोधातले कारभारी साबाजीच्या बाजूने. एका घरातल्या भांडणाला दुसऱ्या घरातलं भांडण येऊन मिळालं. १७७३ च्या सुरुवातीला अकोल्याजवळ कुंभारीला दोघं भाऊ लढले. मग तह, मग परत लढाई.

जानेवारी १७७५ मध्ये नागपूरच्या दक्षिणेला पाचगावला शेवटची गाठ पडली. साबाजीचं पारडं जड होतं. मुधोजी घेरला गेला. जिंकल्याच्या खात्रीने साबाजीने आपला हत्ती भावाच्या हत्तीला नेऊन भिडवला, त्याला जिवंत धरायला. मुधोजीने गोळी झाडली. साबाजी तिथेच संपला आणि लढाईही संपली. भाऊ हत्तीवरून भावाला गोळी घालतो, का? तर माझ्या मुलाला गादी मिळावी म्हणून. मुलगा दुसरा रघुजी गादीवर बसला आणि १८१६ पर्यंत राज्य केलं. म्हणजे मुधोजीचा पक्ष जिंकला. त्या काळात स्टेटस असते तर "टीम मुधोजी" ने लावले असते.

पण थांबा, गोष्ट पुढे आहे. रघुजीनंतर त्याचा मुलगा परसोजी गादीवर आला. तो आंधळा होता आणि आजाराने खंगलेला. कारभार चुलतभावाने हाती घेतला. या चुलतभावाला आपण आप्पासाहेब भोसले म्हणून ओळखतो. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी अंथरुणात मेलेला सापडला. आप्पासाहेबांनीच त्याला मारवलं हे पुढे उघड झालं. हा आप्पासाहेब कोण? पाचगावला गोळी झाडणाऱ्या मुधोजीचा नातू. परसोजी कोण? त्याच मुधोजीचा दुसरा नातू. आणि आप्पासाहेबांचं खरं नाव काय? मुधोजी. आजोबांचंच नाव.

ज्या मुलाच्या गादीसाठी आजोबाने भावाला मारलं, त्या मुलाच्या मुलाला आजोबाच्याच नावाच्या नातवाने मारवलं. मधे फक्त ४२ वर्षं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सीताबर्डीची लढाई झाली, इंग्रज जिंकले. १८१८ मध्ये आप्पासाहेबांना गादीवरून काढलं. ते निसटले, रानोमाळ फिरले आणि १८४० मध्ये जोधपूरला वारले. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारसाशिवाय गेले आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूर खालसा केलं. आता सांगा, पाचगावला कोण जिंकलं होतं?

आणि आमच्या इकडच्या शेतकऱ्याचं काय? त्या काळी वऱ्हाडात निजाम आणि भोसले दोघांचा अंमल चालायचा. एकाच पिकातून दोघांचा वाटा निघायचा. मुधोजी जिंको की साबाजी, खळ्यावर येणारा माणूस तोच. फौज गेली की मागे राहायचं तुडवलेलं शेत. सिरीजमध्येही हे लोक दिसतात, गल्लीतली गरीब माणसं, ज्यांना उपाशी ठेवून दोन राण्यांचं युद्ध चालतं. पण त्यांची "टीम" नाही, म्हणून आपलं लक्ष जात नाही.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे कुठलीच बाजू घ्यायची नाही का? सगळे सारखेच, असं म्हणून हात झटकायचे का? नाही. ही शंका महत्त्वाची आहे, कारण अनेक भाविक मंडळी इथे घसरतात आणि अलिप्तपणाच्या नावाखाली पळ काढतात. कृष्ण अर्जुनाला "दोघंही सारखे, तू घरी जा" असं सांगत नाही. उभा राहा म्हणतो. बाजू घ्यावीच लागते. फरक एवढाच की ती "माझ्यांची" असते की न्यायाची.

महाभारतातच बघा. द्यूतसभेत सगळे मोठे गप्प असताना दुर्योधनाचा सख्खा भाऊ विकर्ण उठतो आणि हा अन्याय आहे म्हणून सांगतो. युद्ध सुरू व्हायच्या क्षणी धृतराष्ट्राचाच एक मुलगा, युयुत्सु, पांडवांकडे निघून येतो. विदुर धृतराष्ट्राच्या घरचं अन्न खाऊन त्याला कटू तेच ऐकवतो. ही सगळी माणसं "त्यांच्यातली" आहेत आणि तरी खरं बोलतात. पुण्यात रामशास्त्री प्रभुण्यांनी तेच केलं. पेशव्यांच्या पदरी न्यायाधीश असून रघुनाथरावांना नारायणरावांच्या खुनाबद्दल दोषी धरलं आणि याला देहान्त प्रायश्चित्त आहे असं तोंडावर सांगितलं. रामशास्त्री कोणाच्या बाजूचे होते? मेलेल्या पोराच्या.

आणि म्हणूनच संजय बघा. संजय धृतराष्ट्राच्या नोकरीत आहे. त्याचा पगार कौरवांकडून. पण तो कौरवांचा प्रेक्षक नाही. तो दिसेल ते सांगतो, मालकाला आवडो न आवडो. राजा, हा दोष तुझाच आहे, असंही स्पष्ट सुनावतो. गीतेचा पहिला श्लोक धृतराष्ट्राचा आणि शेवटचा, अठराव्या अध्यायातला ७८ वा, संजयाचा. मधलं सगळं दोघांच्याही वाट्याला आलं. तोच कृष्ण, तोच अर्जुन, तेच विश्वरूप. शेवटी संजय म्हणतो की हे आठवून आठवून माझ्या अंगावर रोमांच येतात, मी पुन्हा पुन्हा आनंदतो. जिथे कृष्ण आणि अर्जुन आहेत तिथेच विजय आहे, असं तो मालकाच्या तोंडावर सांगतो. आणि धृतराष्ट्र? गीतेत त्याचा पुढे एकही शब्द नाही. अठरा अध्याय ऐकून त्याच्याकडे विचारायला काही उरलं नाही, किंवा त्याच्यापर्यंत काही पोचलंच नाही.

पोचलं नाही याचा पुरावा स्त्रीपर्वात आहे. युद्ध संपलं. मुलं गेली. पांडव भेटायला आले. धृतराष्ट्राने भीमाला मिठी मारायला हात पसरले, तेव्हा कृष्णाने त्याच्या मनातलं ओळखून लोखंडाचा भीम पुढे सरकवला. म्हाताऱ्याने तो पुतळा मिठीत चुरगाळून टाकला. "माझे" उरले नव्हते, तरी "माझे" गेलं नव्हतं. पुतळा फुटल्यावर तो रडायला लागला, हाय रे भीमा, असं म्हणत. तेव्हा कुठे त्याला भीम आपला वाटला.

तर माझ्या पुण्याच्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. बघ. पण धृतराष्ट्राच्या आसनावर बसून बघू नकोस, संजयाच्या बसून बघ. सिरीज बघितल्याने तुझी साधना बिघडणार नाही. पण रोज एक तास "आपले" आणि "त्यांचे" करायचा सराव झाला, तर तो सराव मोबाईल बंद केल्यावर थांबत नाही. तो घरच्या वाटणीत येतो, ऑफिसच्या राजकारणात येतो, व्हॉट्सॲपवरच्या भांडणात येतो. अपघाताची, दंगलीची बातमी आली की "किती गेले" याच्याआधी "कोणाचे गेले" हे मनात येतं. आपली माळ आणि आपली दृष्टी दोन वेगळ्या खोल्यांत राहायला लागतात.

उलट हीच सिरीज अभ्यासाला वापरता येते. खोट्या राज्यातली खोटी माणसं आहेत, आपलं काही पणाला लागलेलं नाही. सरावाला याहून सोपी जागा नाही.

आजचा अभ्यास:

एक. पुढच्या भागात कोणी मेलं की त्याचा पक्ष न आठवता त्याचं वय आठवा. त्याची आई कुठे असेल तेवढं आठवा.

दोन. तुमच्या आवडत्या पात्राने काही वाईट केलं की तुमच्या मनात येणारं पहिलं वाक्य पकडा. ते "पण" ने सुरू होतं का? तेच काम समोरच्याने केलं असतं तर तो "पण" आला असता का?

तीन. प्रीक्वेल आहे, शेवट माहीत आहे, हे मधूनमधून स्वतःला सांगा. आणि मग सिरीज थांबवून आपल्या घरातलं एखादं भांडण घ्या, बांध, विहीर, फ्लॅट, लग्नातला मानपान, काहीही. आणि विचारा: याचा शेवट मला खरंच माहीत नाही का?

मी तिसरा अभ्यास करायला घेतलाय. यंदा उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायचा आहे. एकट्याने काढला तर दुसऱ्याच्या हक्काला धक्का, म्हणून तीन वर्षं कोणीच काढला नाही. पाणी दोघांचंही आटलंय. चुलतभाऊ आणि मी मिळून खर्च करणार आहोत. दोन्ही घरात आधी सांगून. वडील काय म्हणतील माहीत नाही, काका काय म्हणतील तेही नाही. कोणी "तू कोणाच्या बाजूने" असं विचारलं तर मी पाण्याच्या बाजूने आहे, असं सांगायचं ठरलंय.

उद्याचं वाचन: अध्याय पहिला, श्लोक दुसरा. दुर्योधन सैन्य बघतो आणि आधी आपल्या आचार्यांकडे जातो. का जातो, ते उद्या बघू.

राम कृष्ण हरी.